केक झाला का बघायचं कशाने? काडी, बोट की थर्मामीटर

आमच्या इंदूरला बऱ्याच घरांत केक अजून कुकरमध्येच होतो, खाली मीठ, शिट्टी नि रिंग काढलेली, आत डोकावायला काच वगैरे काही नाही, त्यामुळे "झाला असेल का गं?" हे चालूच असतं.

काडी सगळ्यात सोपी. टूथपिक मधोमध खुपसायची, ओलं पीठ लागून आलं तर कच्चा, दोनचार ओलसर कण आले तर झाला, काढा. पण लोक काय करतात, काडी एकदम कोरडी यायची वाट बघत बसतात, आणि केक तर बाहेर काढल्यावरही आतल्या गरमीने थोडा शिजतच असतो, मग कडा खाताना घशात अडकतात. टुटीफ्रुटी किंवा चॉकलेटचा तुकडा मध्ये आला की काडी उगाच ओली दिसते, शेजारी परत टोचून बघा. उंच केकला टूथपिक पुरतच नाही, तिथे विणायची सुई बेस्ट (धुऊन हो!).

बोटाने हलकं दाबून खड्डा लगेच वर आला तर झाला, हे हलक्या स्पंजला झकास जमतं. मावा घातलेल्या जड केकला नाही, तो झालेला असला तरी दबलेलाच राहतो. कडा सुटल्या म्हणजे झाला असंही म्हणतात, पण भांड्याला तूप जास्त लावलं की त्या आधीच सुटतात, माझा काही भरवसा नाही त्यावर.

थर्मामीटर म्हणजे किचनचा हं, तापाचा 42 सेल्सिअसच्या पुढे जात नाही. टोक बरोबर मध्ये, तळाला टेकवायचं नाही, आणि साध्या बटर किंवा तेलाच्या केकला 95 ते 97 डिग्री सेल्सिअस आले की बंद. एगलेसला याचा खरा उपयोग, कारण बांधायला अंडं नसतं, सगळी भिस्त मैद्यातल्या स्टार्चवर, आणि साखर जास्त असली की तो उशिरा बांधला जातो, म्हणून वरून मस्त ब्राऊन आणि मध्ये लगदा.

घरच्या वाढदिवसाचा अर्धा किलोचा करायचा असेल तर काडी आणि बोट दोन्ही बघा, पुरे, उगाच खर्च नको. ऑर्डरी घेत असाल, मोठे टिन लावत असाल, तर थर्मामीटर घ्याच. आणल्यावर उकळत्या पाण्यात धरून बघा, फक्त इंदूर साडेपाचशे मीटर उंचावर आहे, इथे पाणी 98 च्या आसपासच उकळतं, तेव्हा 100 दाखवला नाही म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका.