‘आय लव्ह ल्युसी’चा संपूर्ण डीव्हीडी संच: काही महिने वापरून झाल्यावर

पन्नासच्या दशकातल्या या अमेरिकन विनोदी टीव्ही मालिकेच्या संचाबद्दल लिहायचं बरेच दिवस राहून जात होतं. शेवटी दुसऱ्या सीझनच्या पहिल्या डिस्कने लिहायला बसवलं. चॉकलेटच्या कारखान्यातला सरकता पट्टा जोर धरतो, ल्युसी आणि तिची शेजारीण-मैत्रीण एथेल चॉकलेटं तोंडात, टोपीत, गळ्यातून आत कोंबू लागतात आणि नेमकं तिथेच चित्राचे चौकोन होऊन सगळं ठप्प. डिस्क पुसली, दुसऱ्या प्लेअरवर लावली, मित्राकडे नेऊन पाहिली. सगळीकडे त्याच जागी अडकते.

विक्रेत्याला कळवलं तर उत्तर आलं की एक डिस्क बदलून मिळत नाही, पूर्ण संच परत पाठवा, आणि परत करायची मुदत तर संपली आहे. १८० भागांचा संच मुदतीच्या आत कोण तपासून संपवणार? व्हिडिओ काढून पाठवला, बिल पाठवलं, दर वेळी नवीन माणूस आणि पुन्हा तेच बिल मागणं. शेवटी साध्या पाकिटात एक सुटी डिस्क आली. ती नीट चालते, पण टपालखर्च माझ्याच खिशातून गेला आणि त्याचा राग अजून आहे. त्यामुळे विक्रेत्याला शून्य. संचाचा हिशेब वेगळा मांडतो.

एक आधीच सांगतो: हा अमेरिकेतला संच आहे, रीजन १चा, म्हणजे तिकडच्या प्लेअरसाठी बनवलेला. तुमचा प्लेअर सगळे रीजन घेत नसेल तर पैसे अडकवू नका.

मालिका कशी आहे हे इथे आलेल्यांना सांगायला नको. टीव्हीवर पुन्हापुन्हा लागणारे भाग पाहिलेले असताना संच कशाला, हा प्रश्न मात्र मला घरातच विचारला गेला. कारण साधं आहे. पन्नासच्या दशकात अर्ध्या तासाचा भाग साधारण २६ मिनिटांचा असे. पुढे पुनःप्रसारणात जाहिराती वाढल्या आणि भागांना कात्री लागली. कात्री कथेला लागत नाही, ती लागते दोन प्रसंगांमधल्या फालतू वाटणाऱ्या बोलण्याला. आमच्यासारख्यांचा सगळा जीव तिथेच अडकलेला असतो.

आमच्यासारखे म्हणजे मी, माझा एक जुना मित्र आणि मावशी. एकच भाग तिघं आपापल्या घरी पाहतो आणि रात्री फोनवर बसतो. मावशीने एथेलच्या मधल्या नावाची नोंदच ठेवली आहे: एकदा लुईस, एकदा रॉबर्टा, एकदा मे. मित्राला घराच्या क्रमांकाने पछाडलंय. ल्युसी आणि तिचा नवरा रिकी, म्हणजे रिकार्डो दांपत्य, आधी ४एमध्ये राहतात, दुसऱ्या सीझनच्या शेवटी ३बीमध्ये जातात, आणि पुढे कोणी काही न सांगता त्याच दारावर ३डी येतं. इमारतीचा पत्ता ६२३, पूर्व ६८वा रस्ता. मॅनहॅटनमध्ये तो रस्ता एवढ्या मोठ्या क्रमांकापर्यंत पोचतच नाही, हिशेब केला तर एथेल आणि तिचा नवरा फ्रेड या मर्ट्झ दांपत्याची इमारत ईस्ट रिव्हरमध्ये उभी राहते. माझा विषय खाटांचा. सुरुवातीच्या भागांत ल्युसी आणि रिकीच्या दोन खाटा एकमेकींना जोडलेल्या आहेत, पुढे त्या वेगळ्या होतात.

मित्र म्हणतो, हा निष्काळजीपणा. मला ते पटत नाही. पहिल्या सीझनमध्येच ३५ भाग झाले. जेस ओपनहायमर, मॅडेलिन प्यू आणि बॉब कॅरल ज्युनियर हे तिघं लेखक दर आठवड्याला नवीन गोष्ट उभी करत होते, आणि कोणी प्रेक्षक चित्र थांबवून दारावरचा क्रमांक वाचेल अशी तेव्हा सोयच नव्हती. मावशीचं म्हणणं याहून चांगलं आहे. ती म्हणते, एथेलचं नाव बदललं तरी एथेल कधी बदलली नाही, तिचं काम करणारी व्हिव्हियन व्हॅन्स प्रत्येक भागात तीच बाई आहे.

चित्राबद्दल तक्रार नाही. त्या काळचे बरेच कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट प्रसारित व्हायचे आणि पडद्यावरून पुन्हा चित्रित केलेल्या धूसर प्रतींमध्ये उरले. ल्युसी आणि रिकीचं काम करणाऱ्या ल्युसिल बॉल आणि देसी अर्नाझ यांना हॉलिवूड सोडायचं नव्हतं, म्हणून ३५ मिमी फिल्म, तीन कॅमेरे आणि समोर खरे प्रेक्षक अशी व्यवस्था उभी राहिली. प्रकाशयोजना कार्ल फ्रॉइंडची, ज्याने १९२७च्या ‘मेट्रोपोलिस’चं छायांकन केलं होतं. तिन्ही कॅमेऱ्यांना एकाच वेळी चालेल असा सपाट, वरून येणारा प्रकाश त्याने बसवला आणि सेट राखाडीच्या निरनिराळ्या छटांत रंगवून घेतला. त्यामुळे दाराचा क्रमांक वाचता येतो, एथेलच्या झग्याची शिवण दिसते. याच कारणाने नंतर रंगीत केलेले भाग मला बघवत नाहीत. जो सेट मुळात राखाडीसाठी रंगवला, त्याला आता हिरवा-गुलाबी करून काय मिळवायचं?

आता माझं खरं दुखणं. सुरुवात. प्रत्येक भाग उघडतो तो साटिनच्या कापडावरच्या हृदयाने. सगळ्या जगाला तीच ओळखीची आहे. पण ती १९५१ची नाही, पुनःप्रसारणासाठी नंतर बनवलेली आहे. मूळ प्रसारणात व्यंगचित्रातली छोटी ल्युसी आणि छोटा रिकी यायचे, काड्यांच्या हातापायांचे, आणि प्रायोजक फिलिप मॉरिसच्या सिगारेटच्या पाकिटाभोवती त्यांचा खेळ चालायचा. मी संच घेतला तेव्हा वाटलं होतं की मूळ मालिका मूळ रूपात मिळणार. मिळालं हृदय. भाग कोणताही लावा, हृदय.

काही आठवड्यांनी जादा साहित्याच्या मेनूत त्या मूळ सुरुवाती सापडल्या. आधी आनंद झाला, मग चिडचिड दुप्पट झाली. पट्टी तुमच्याकडे आहे, स्वच्छ करून डिस्कवरही घातली आहे, मग जागच्या जागी का नाही? आता भाग बघायचा तर मेनूत जाऊन व्यंगचित्र लावायचं, मागे यायचं, भाग लावायचा, हृदय पुढे ढकलायचं. मी ते रोज करतो. सिगारेटची जाहिरात घरात मुलांसमोर नको हे कारण असेल तर ते मी मान्य करतो, पण भागांमध्ये रिकी आणि ल्युसी खुशाल सिगारेट ओढताना दिसतात, ती दृश्यं कोणी काढलेली नाहीत. आणि काढूही नयेत. १९५५पर्यंत तोच प्रायोजक होता. त्या मालिकेचा पैसा कुठून येत होता हे पहिल्या अर्ध्या मिनिटात कळायचं, आता ते मेनूत जाऊन शोधावं लागतं.

आवाजाबद्दल माझं मत वापरता वापरता पार बदललं. पहिल्या महिन्यात तो एकसुरी आणि पातळ वाटत होता. मग रात्री घरच्यांची झोप मोडू नये म्हणून हेडफोन लावायला लागलो आणि प्रेक्षक वेगवेगळे ऐकू यायला लागले. ल्युसी काही भलतं करायला निघाली की ‘अ-ओ’ असा एक बाईचा आवाज येतो, तो ल्युसिल बॉलच्या आईचा म्हणून ओळखला जातो. त्या लेकीच्या चित्रीकरणाला हजर असायच्या. तो आवाज कळल्यापासून मावशी तर भागच त्याच्यासाठी बघते. १९५७च्या टँगोच्या भागात ल्युसीच्या ब्लाऊजमध्ये अंडी फुटतात, तेव्हाचं हसणं ६५ सेकंद चाललं असं सांगतात आणि प्रसारणासाठी ते छाटावं लागलं. छाटलेलं हसणंसुद्धा हेडफोनवर ऐकून बघा, लोकांना श्वास घ्यायला जमत नाहीये.

जादा साहित्यात ‘फ्लब्ज’ नावाचा भाग आहे, त्यात चुका दाखवल्या आहेत. तो मी सुरुवातीला उघडलाच नव्हता, आपण स्वतः शोधायच्या गोष्टी कोणी आयत्या का सांगाव्यात म्हणून. आता उलट सवय लागली आहे: आधी तिघांनी आपापली यादी करायची, मग तो लावायचा. मित्राने पकडलेल्या काही गोष्टी त्यात नसतात आणि त्या दिवशी फोन लांबतो. ल्युसिल बॉलच्या ‘माय फेव्हरिट हजबंड’ या रेडिओ मालिकेचे भागही दिले आहेत. तेच लेखक, तीच धांदल, फक्त चेहरा नाही. ते जरूर ऐका.

हरवलेली आणि पुढे सापडलेली पहिली चाचणी फिल्मही संचात आहे. ती पेपितो पेरेझ या विदूषकाकडे होती आणि १९९०मध्ये पहिल्यांदा टीव्हीवर दाखवली गेली. त्यात मर्ट्झ नाहीत. फ्रेड-एथेलशिवाय हे घर किती रिकामं वाटतं, हे कळायला ती एकदा बघावी.

पहिले दोन सीझन नंतर ब्लू-रेवर आले. त्यात भाग मूळ प्रसारणासारखा, मूळ सुरुवातीसह पाहायचा पर्याय आहे. म्हणजे माझ्या दुखण्यावर औषध आहे, पण सहापैकी दोनच सीझनपुरतं, आणि जे आधीच विकत घेतलंय त्याचे पुन्हा पैसे मोजून. मी ते घेणार नाही. ज्यांनी अजून काहीच घेतलेलं नाही त्यांनी पहिले दोन सीझन ब्लू-रेवर घ्यावेत आणि उरलेले चार सुटे डीव्हीडीवर, म्हणजे एकच गोष्ट दोनदा विकत घ्यावी लागणार नाही. संचाला माझ्याकडून पाचपैकी चार, आणि कापलेला एक पूर्णपणे त्या हृदयामुळे.