न्यूयॉर्कच्या संग्रहालयातील चौथा मजला: डायनोसॉर आणि पक्षी यांचे नाते सांगणारी मांडणी

न्यूयॉर्कमधील अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्रीच्या चौथ्या मजल्यावरील जीवाश्म-दालने पाहण्याची सुरुवात टायरॅनोसॉरसपासून करू नये. बहुतेक प्रेक्षक थेट त्या सांगाड्याकडे जातात आणि या मजल्याची खरी रचना त्यांच्या नजरेतून निसटते. येथे प्राणी काळानुसार नव्हे, तर नात्यानुसार मांडलेले आहेत. दालनांमधून जाणारी मुख्य वाट हे वंशवृक्षाचे खोड आहे आणि जेथे एखादे नवे शारीरिक वैशिष्ट्य प्रथम दिसते, तेथे तिला फाटा फुटतो.

म्हणून पृष्ठवंशी प्राण्यांच्या उगमाच्या दालनातून निघावे. जबडा, चार पाय, कोरड्या जमिनीवर टिकणारे अंडे असे टप्पे ओलांडत कासव, सरडे, मगर आणि टेरोसॉर हे उडणारे सरीसृप भेटतात. पुढे खुब्याच्या खोबणीला आरपार छिद्र असलेले डायनोसॉर येतात. मग पकड घेणारा हात, तीन बोटांवर टेकणारे पाऊल आणि मनगटातील अर्धचंद्राकृती हाड. हे हाड डायनोनिकस या शिकारी डायनोसॉरमध्ये आहे आणि पंख मिटणाऱ्या पक्ष्यातही आहे. असे चालत गेल्यावर पक्षी हे डायनोसॉरांचे केवळ वंशज नसून त्यांचीच एक जिवंत शाखा आहेत, हे मनोमन पटते. मगरीचे सर्वांत जवळचे जिवंत नातलग सरडे नसून पक्षी आहेत, हेही मग नवलाचे वाटत नाही. दोघांच्याही हृदयाला चार कप्पे असतात.

सर्वांत समृद्ध भाग मंगोलियातील जीवाश्मांचा आहे. 1923 मध्ये याच संग्रहालयाच्या मोहिमेला गोबी वाळवंटात अंड्यांच्या घरट्यावर ओव्हिरॅप्टर या डायनोसॉरचा सांगाडा सापडला. अंडी प्रोटोसेराटॉप्स या दुसऱ्या, शाकाहारी डायनोसॉरची आहेत असे मानून त्याच्यावर चोरीचा आळ घेतला गेला. 1993 मध्ये तशाच अंड्यात ओव्हिरॅप्टर कुळातील भ्रूण मिळाला आणि त्याच कुळातील एक प्राणी घरट्यावर, कोंबडीप्रमाणे पाय दुमडून, बसलेल्या स्थितीत सापडला. सत्तर वर्षांचा आळ एका भ्रूणाने दूर केला, ही विज्ञानाच्या इतिहासातील मला अत्यंत प्रिय घटना आहे.

जीवाश्म-शोधक बार्नम ब्राउन यांना 1908 मध्ये मोंटानात सापडलेला टायरॅनोसॉरस अनेक दशके शेपूट जमिनीवर टेकवून ताठ उभा होता. 1990 च्या दशकातील नूतनीकरणात त्याला आडवा, शेपूट उचललेला, पक्ष्यासारखा तोल दिला गेला. हा बदल अतिशय उत्तम झाला आहे.

उणीव मात्र गंभीर आहे. डायनोसॉरांची ही दालने 1995 मध्ये खुली झाली आणि चीनमधील पिसांच्या खुणा असलेल्या सायनोसॉरोप्टेरिक्स या डायनोसॉरची छायाचित्रे पुढच्याच वर्षी, याच वास्तूत भरलेल्या परिषदेत, पाश्चात्त्य संशोधकांसमोर आली. 2016 मध्ये पक्षी-डायनोसॉर नात्यावर स्वतंत्र प्रदर्शन भरवले गेले, पण ते तात्पुरते होते. पिसांचा पुरावा कायमस्वरूपी मांडणीत मध्यवर्ती असायला हवा, कारण सामान्य प्रेक्षकाला मनगटाच्या हाडापेक्षा पीस लवकर पटते.

न्यूयॉर्क राज्यातील रहिवाशांना आणि न्यू जर्सी व कनेक्टिकटमधील विद्यार्थ्यांना ऐच्छिक रक्कम देऊन प्रवेश मिळतो. इतरांना ठरलेले तिकीट घ्यावे लागते. न्यू जर्सीतील मराठी पालकांनी मुलांना अवश्य न्यावे, मात्र सकाळी दारे उघडताच आणि केवळ याच मजल्यासाठी.