बिल फ्लशचं, निपलवर मात्र जुना चिखल

चैत्रात आई-बाबांना घेऊन सप्तशृंगी गडावर गेलो होतो. नांदुरीचा घाट उतरताना अर्ध्या वाटेत ब्रेकचं पेडल पोकळ लागलं. दोन-तीनदा भराभर दाबलं, तेव्हा कुठे गाडीने धरलं. पहिल्या गिअरवर कशीबशी कडेला घेतली. मागे आई देवीचं नाव घेत होती. अर्ध्या तासाने गाडी थंड झाली आणि पेडल पुन्हा कडक. म्हणूनच गॅरेजवाला नंतर म्हणू शकला, "आता तर ठीक आहे, साहेब."

दोनच आठवड्यांपूर्वी अंबडच्या बाजूला एका गॅरेजमध्ये ब्रेक ऑइल फ्लश करून घेतलं होतं, म्हणजे सगळं जुनं ऑइल काढून नवीन भरून घेतलं होतं. 1,800 रुपये. बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी दाखवली होती, आत मधासारखं स्वच्छ ऑइल. मला तेवढंच पुरलं. चूक झाली.

रविवारी घरीच चाकं काढली. चारही निपलवर, म्हणजे चाकाजवळ ऑइल बाहेर काढायच्या छोट्या स्क्रूवर, जुना, वाळलेला चिखल. पान्हा लागल्याची खूण नाही. निपलला पारदर्शक नळी लावली, भावाला पेडलवर बसवलं. बाटलीत आलं ते काळपट चहासारखं. म्हणजे सिरिंजने फक्त डबीतलं ऑइल ओढून नवीन भरलं होतं. पाइप आणि कॅलिपरमधलं (चाकापाशी ब्रेक आवळणारा भाग) तसंच होतं, आणि खरी उष्णता तर तिथेच असते.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट 4 या प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवीन असताना किमान 230 अंश, पाणी मुरल्यावरच्या चाचणीत किमान 155. घाटात सतत ब्रेक दाबला की ऑइल उकळून वाफ होते. वाफ दबते, म्हणून पेडल खाली जातं आणि जोर चाकापर्यंत पोचतच नाही.

गॅरेजमध्ये गाडी सोडून चहाला जाऊ नका. सीलबंद बाटली समोर फोडायला लावा, चारही चाकांवर नळी लागते का पाहा, निघालेलं जुनं ऑइल मागून घ्या. त्याआधी निपलचे फोटो काढून ठेवा. घरी करणार असाल तर डबी रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर हवा आत शिरते. निपल बंद झाल्याशिवाय पेडलवरचा पाय उचलायचा नाही. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग सोलतो.

ती बाटली घेऊन गॅरेजमध्ये गेलो. "थोडं जुनं राहतंच," म्हणाले, पैसे दिले नाहीत. बिलावर 'फ्लश, चारही चाकं' असं लिहिलेलं आहे. त्याच्या आधारे ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली आहे.