सुपरहिरोंचा मोठा सिनेमा इंदुरात बघताय? तिकीट असं निवडा

सुपरहिरोंच्या फौजेचा सिनेमा लागला की विजयनगर आणि बायपासकडच्या मॉलमध्ये एकाच दिवशी थ्रीडी, टूडी, हिंदी, इंग्रजी असे ढीगभर खेळ लागतात. आमचं मत सरळ आहे: सगळ्यात मोठ्या पडद्याचा टूडी खेळ घ्या. थ्रीडीचे जादा पैसे बहुतेक वेळा वायाच जातात.

कारण उजेड. टूडीत पडद्यावरच्या पांढऱ्या प्रकाशाचं ठरलेलं माप १४ फूट-लँबर्ट (पडद्याच्या उजेडाचं एकक) आहे. थ्रीडीत फिल्टर आणि चष्मा मिळून त्यातला मोठा वाटा खातात, डोळ्यांपर्यंत साधारण तिसरा हिस्सा पोचतो. या सिनेमांची शेवटची लढाई बहुधा रात्री नाहीतर धुरात, दहा-बारा पात्रं एकाच चौकटीत. चष्म्यातून काळे पोशाख काळ्या आभाळात विरघळतात आणि कोण कुणाला हाणतंय तेच कळत नाही. शिवाय यातले बरेचसे सिनेमे साध्या कॅमेऱ्याने चित्रित होतात, थ्रीडी नंतर संगणकावर चढवतात. २०१२ चा ‘द अ‍ॅव्हेंजर्स’ही तसाच होता.

टूडीतही फसगत होऊ शकते. ध्रुवीकरणाच्या थ्रीडीला (चष्म्याच्या दोन काचा वेगवेगळ्या दिशेचा प्रकाश आत सोडतात ती पद्धत) चंदेरी पडदा लागतो. त्याच पडद्यावर टूडी दाखवलं की मधला भाग झगझगीत आणि कडा मळकट दिसतात; बाजूच्या खुर्चीवरून तर जास्तच. कधी प्रोजेक्टरपुढची थ्रीडीची लेन्स काढायचीच राहून जाते. जाहिराती चालू असताना मागे वळून प्रोजेक्शनच्या खिडकीकडे बघा. काही प्रोजेक्टरांत अशा वेळी एकावर एक असे दोन झोत दिसतात. दिसले तर लगेच बाहेर जाऊन ड्यूटी मॅनेजरला गाठा आणि ‘चित्र बरोबर नाही’ एवढंच न म्हणता ‘टूडी खेळाला थ्रीडीची लेन्स लागली आहे’ असं सांगा. नेमकं सांगितलं की काम होतं.

आवाजाचं दुखणं वेगळं. फेडर म्हणजे थिएटरचा आवाज कमी-जास्त करायचं बटण; त्याची ठरलेली पातळी ७. जाहिराती कर्कश असतात, लोक कुरकुरतात, मग कुणीतरी तो ५ वर आणतो आणि सिनेमा सुरू झाला तरी तो तिथेच राहतो. स्फोट तरीही दणदणीत वाटतात, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. संवाद मात्र पुटपुटल्यासारखे येतात. पहिल्या दहा मिनिटांत शब्द निसटायला लागले तर आवाज वाढवायला सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. जादा पैसे द्यायचेच असतील तर डॉल्बी अ‍ॅटमॉसच्या पडद्याला द्या. छतातले स्पीकर उडणाऱ्या माणसाला खरोखर डोक्यावरून नेतात.

खुर्ची मधली, पडद्यापासून दोन तृतीयांश अंतरावरची. बारा रांगा असतील तर सातवी-आठवी. बुकिंगच्या नकाशात पडदा वर दाखवलाय की खाली ते आधी बघा, नाहीतर मागची समजून पहिली रांग घ्याल. शेवटच्या रांगेतले महागडे रिक्लायनर आम्हाला पटत नाहीत: पाठीमागचे सराउंड स्पीकर थेट कानाशी येतात आणि पडदा लहान दिसतो.

मुलं बरोबर असतील तर प्रमाणपत्र वाचा. आता यूएमध्ये (लहान मुलांनी पालकांच्या देखरेखीखाली बघायचे सिनेमे) ७+, १३+ आणि १६+ असे गट आहेत. आजी-आजोबांसाठी हिंदी खेळ बरा, पण मूळ नटांचे आवाज हवे असतील तर इंग्रजी खेळ पहिल्याच आठवड्यात गाठा. तेच आधी कमी होतात.

वेळेचा हिशेब मोठा ठेवा. ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’ एकटाच १८१ मिनिटांचा होता, जाहिराती आणि मध्यंतर वेगळं. हे सिनेमे मध्यंतर धरून बनत नाहीत, त्यामुळे आपल्याकडे मध्यंतर वाक्याच्या मध्यावरही येतं. पॉपकॉर्नच्या रांगेतून वेळेत परतणं कठीण, म्हणून खाणं आधीच घ्या. बाहेरचं खाणं अडवायचा हक्क थिएटरला आहे, पण पिण्याचं पाणी फुकट द्यावंच लागतं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलंय.

नामावली सुरू झाली की उठू नका. ‘इन्फिनिटी वॉर’मधलं जादा दृश्य सगळी नावं संपल्यावर येतं, ‘एंडगेम’मध्ये दृश्य नव्हतं, फक्त लोखंडावर हातोड्याचे ठोके. आपल्याकडे नावं सुरू होताच दिवे लागतात, दारं उघडतात आणि झाडूवाले आत येतात. मध्यंतरातच दारावरच्या माणसाला सांगून ठेवा की दिवे शेवटी लावा.