पीएफचं काम बाहेर देताय? चलन आणि पावती यातला फरक आधी बघा

भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे, २४ माणसं. पूर्वी पगार-पीएफचं सगळं एक अकाउंटंट काका बघायचे, शनिवारी यायचे आणि चहा पिता पिता वडिलांच्या मागे लागायचे की १५ तारीख आली, पैसे काढा. ते थकले म्हणून २ वर्षांपूर्वी एका एजन्सीला काम दिलं, महिना ६ हजार. पहिलं वर्ष झकास. मग ओळखीचा माणूस गेला आणि 'अकाउंट मॅनेजर' आला, तोही दर ३ महिन्यांनी नवा, फोन केला की म्हणे मेल टाका. नंतर म्हणाले पीएफची रक्कम आमच्याच खात्यात पाठवत जा, सगळ्या क्लायंटचं एकदम भरतो, तुमच्या डोक्याला ताप नको. आणि आम्ही अतिशहाणे, महिन्याला ९० हजार पाठवत बसलो!!

चलनाची पीडीएफ दर महिन्याला यायची, आम्ही फाइलला लावायचो. चलन खरंच होतं हो, तीच तर गंमत. चलन म्हणजे नुसतं 'एवढे भरायचेत', भरल्याची पावती वेगळी निघते आणि ती आम्ही कधी मागितलीच नाही. चलनावर टीआरआरएन नंबर (त्या चलनाचा ओळख क्रमांक) असतो, तो ईपीएफओच्या, म्हणजे सरकारच्या पीएफ खात्याच्या, साइटवर टाकला की पैसे भरलेत का ते लॉगिन न करता दिसतं, दोन मिनिटांचं काम.

कळलं कसं, तर एका ऑपरेटरने मुलीच्या लग्नासाठी पीएफमधून उचल घ्यायची म्हणून उमंग अ‍ॅपवर पासबुक उघडलं, ७ महिने कोरे. माझ्याकडे आला, काही बोलला नाही, नुसता मोबाइल पुढे धरला. पगारातून १२ टक्के तर दर महिन्याला कापलेलेच.

आकुर्डीच्या पीएफ ऑफिसात साहेब शांतपणे म्हणाले, काम कुणाला दिलं ते तुमचं तुम्ही बघा, भरायची जबाबदारी मालकाची. म्हणजे ६ लाख ३० हजार पुन्हा भरायचे, वर वर्षाला १२ टक्के व्याज, दंड वेगळाच. पोर्टलवर मोबाइल आणि ईमेलपण एजन्सीचाच टाकलेला, त्यामुळे मेसेज सगळे त्यांनाच, ते बदलायचे हेलपाटे अजून चालू आहेत.

एजन्सीच्या ऑफिसला कुलूप आहे, पोलिसात अर्ज दिलाय. आता चलन मी स्वतः कंपनीच्या खात्यातून भरतो आणि पावतीची प्रिंट शॉपमधल्या नोटीस बोर्डावर लावतो. लग्न डिसेंबरात आहे, तेवढे पैसे मी हातउसने आणून त्याला दिलेत.