पेलेट मशीन आणि ‘बायबॅक’चा करारनामा: विदर्भातल्या शेतकऱ्यांनो, सावध राहा

नागपुरातल्या एका मशीन विक्रेत्याने पेलेट (शेतातला काडीकचरा, भुसा दाबून केलेल्या जळणाच्या गोळ्या) बनवायच्या प्लांटच्या नावाखाली मला आणि माझ्या चुलतभावाला साडेअकरा लाखांना बुडवलं. तोच माणूस आता दुसऱ्या तालुक्यांत फिरतोय असं कळलं, म्हणून लिहितोय.

औष्णिक वीजकेंद्रांनी कोळशात 5 टक्के बायोमास पेलेट मिसळावेत, असं धोरण केंद्राने 2021 मध्ये आणलं. हे खरं आहे. कोराडी, खापरखेडा, मौदा तर आपल्या दारात. याच खऱ्या गोष्टीच्या आडून तो म्हणाला, “दादा, वीजकेंद्राची ऑर्डर आपल्याकडे आहे, तुमचा सगळा माल आपणच उचलू.” स्टॅम्प पेपरवर पाच वर्षांचा ‘बायबॅक’चा, म्हणजे आमचा माल त्यानेच विकत घेण्याचा, करार झाला.

डेमोला त्याच्या शेडमध्ये लाकडाचा कोरडा भुसा तयार होता. गोळ्या तुकतुकीत निघाल्या, बोटांनी दाबून फुटेनात. आम्ही काटोलहून पऱ्हाटीचा (कापसाच्या झाडांचा) चुरा नेला होता. तो टाका म्हटलं तर “डाय बदलावी लागते, आज नको.” डाय म्हणजे गोळ्या पाडणारा भोकांचा साचा.

घरी तोच चुरा टाकला तर निम्मा भुगा होऊन बाहेर आला आणि डाय जाम झाली. एकेक भोक खिळ्याने कोरून मोकळं करावं लागलं. पेलेटला बांधून ठेवतं ते लाकडातलं लिग्निन नावाचं नैसर्गिक द्रव्य. दाबाने आणि उष्णतेने ते मऊ होतं, पण कच्च्या मालात ओल साधारण 10 ते 15 टक्केच लागते. नुकत्याच उपटलेल्या पऱ्हाटीत ती कितीतरी जास्त असते. त्याच्या कोटेशनमध्ये ड्रायरच नव्हता!

माल वाळवून कशीबशी एक गाडी भरली. “राख जास्त आहे” म्हणून ती परत आली. लॅबचा रिपोर्ट मागितला, तेव्हापासून फोन बंद. करारात शेवटच्या पानावर लिहिलंय, ‘कंपनीच्या निकषांनुसार असलेला मालच उचलला जाईल.’ ते निकष कोणते, तपासणार कोण, एक अक्षर नाही. त्याची कमाई मशीन विकण्यातच होती, पेलेट त्याला कधी नकोच होते.

असा करार कोणी पुढे केला, तर आधी वीजकेंद्राच्या खरेदी आदेशाची प्रत मागा आणि ती त्याच केंद्रात जाऊन पडताळा. आपल्याच शेतातलं कुटार, तुराट्या, पऱ्हाटी त्याच्या मशीनवर आपल्यासमोर तासभर चालवून घ्या. ओल, राख आणि उष्मांकाचे आकडे, शिवाय तिसऱ्या लॅबची तपासणी करारात लिहून घेतल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका.

आम्ही आर्थिक गुन्हे शाखेत अर्ज दिलाय. असाच करारनामा तुमच्याकडे असेल, तर पावत्या, व्हॉट्सॲपवरची बोलणी आणि गाडी परत आल्याची चिठ्ठी जपून ठेवा आणि तुम्हीही तक्रार द्या.