सीट काढून बघितली असती तर

वाईला माझी आई एकटी राहते. दर पंधरा दिवसांनी मी पुण्याहून गाडीवरून जातो, बऱ्याचदा बायकोही मागे असते. साडेतीनशे सीसीची गाडी आहे, घाट आरामात चढते. गाडीची कधीच तक्रार नव्हती, तक्रार माझ्या कमरेची होती. मणक्यातली गादी थोडी सरकलेली आहे. खेड शिवापूर ओलांडलं की कमरेत कळ सुरू व्हायची आणि खंबाटकी चढेपर्यंत डावा पाय जड व्हायचा. डॉक्टरांनी गाडी सोडा असं सांगितलं नाही. कमरेला मागून आधार हवा, एवढंच म्हणाले.

म्हणून चालवणाऱ्यासाठी बॅकरेस्ट बसवायचं ठरवलं. मागे बसणाऱ्याची पाठ टेकते तो वेगळा. हा दोन सीटच्या मधोमध येतो, चालवणाऱ्याच्या कमरेच्या खळग्यात टेकतो आणि मागच्या माणसाला चढता यावं म्हणून आडवा पाडता येतो. नाना पेठेत दोन दुकानांत चौकशी केली. तिथे तयार नग होते, सीटखालच्या मूळ बोल्टवर बसणारे. वेल्डिंग नाही, काही कापायचं नाही. एका दुकानदाराने स्पष्ट सांगितलं, "तुमच्या मॉडेलचा ब्रॅकेट संपलाय, पंधरा दिवस थांबा." मी थांबायला हवं होतं.

त्याच आठवड्यात मोबाईलवर एक व्हिडिओ दिसला. कात्रजहून कोंढव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पत्र्याची शेड, चकचकीत पाइपचा बॅकरेस्ट, त्यावर जाड शिवणीची गादी. मी गेलो. मालक तिशीचा, बोलायला गोड. त्याने नमुन्याचा नग माझ्या हातात दिला. खरोखर वजनदार होता. मग खिशातून लोहचुंबक काढून पाइपला लावला आणि सोडला. चुंबक खाली पडला.

"बघा काका, चिकटतंय का? तीनशेचार ग्रेड आहे. पंचवीस पावसाळे गंजणार नाही."

मी भुललो तो इथे. चुंबक चिकटला नाही म्हणजे उत्तम स्टेनलेस स्टील, हे आपल्याकडे भांड्यांच्या दुकानापासून घरातल्या आजीपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं, आणि तेच अर्धवट आहे. ३०४ ग्रेडमध्ये साधारण ८ ते १० टक्के निकेल असतं. २०२ ग्रेडमध्ये निकेल निम्म्याच्या आसपास येतं आणि त्याची जागा स्वस्त मँगनीज घेतं. चुंबक दोन्हींना जवळजवळ सारखाच, म्हणजे चिकटत नाही. त्यामुळे चुंबकाने ३०४ आणि २०२ वेगळे ओळखताच येत नाहीत. स्टीलच्या व्यापाऱ्यांकडे तपासणीचं द्रावण असतं, थेंब टाकला की रंगावरून कळतं. ज्याला माल खरा असल्याचं दाखवायचं असतं तो बिलावर ग्रेड लिहून देतो. माझ्या बिलावर ग्रेड नव्हताच. बिलही पक्कं नव्हतं, वहीतला फाडलेला कागद होता. त्यावर 'बॅकरेस्ट फिटिंगसह ७,५००' एवढंच लिहिलेलं, ना जीएसटी क्रमांक, ना पत्ता. तीन हजार आगाऊ दिले. यूपीआयने पैसे गेले तेव्हा समोर तिसऱ्याच माणसाचं नाव आलं. "ते आमच्या भावाचं खातं आहे," म्हणाला. मी पुढे विचारलं नाही.

गाडी सकाळी ठेवून संध्याकाळी न्यायची होती. मी म्हटलं, थांबतो इथेच. तर म्हणाला, वेल्डिंगचा उजेड डोळ्यांना लागतो, गिऱ्हाईक आत उभं राहू देत नाही. वेल्डिंग हा शब्द मी ऐकला होता. सकाळपर्यंत बोल्टवर बसणाऱ्या ब्रॅकेटचीच भाषा चालू होती. तेव्हाच गाडी मागे घ्यायला हवी होती. ऑफिसला उशीर होत होता, मी निघून गेलो. वाचणाऱ्यांना कळकळीने सांगतो, आपल्या गाडीला कोणी ग्राइंडर लावणार असेल तर तिथून हलू नका. अर्धा दिवस रजा पडली तरी चालेल.

संध्याकाळी गाडी मिळाली ती देखणी दिसत होती. टेकलो, आणि खरं सांगतो, कित्येक महिन्यांनी कमरेला बरं वाटलं. उरलेले साडेचार हजार आनंदाने दिले.

पुढच्या तीन-चार महिन्यांत एकेक गोष्ट खटकत गेली. आधी पुढची सीट बसू लागली. तासाभराने खालची पत्र्याची कड मांडीला जाणवायची, पूर्वी असं कधी झालं नव्हतं. मला वाटलं, बॅकरेस्टमुळे बसायची जागा बदलली असेल. मग जुलैमध्ये पाइपवर तांबूस ठिपके आले. फोन केला तर म्हणाला, "पावसात उभी असते ना गाडी? कापडाने पुसून घ्या." नंतर एकदा सिंहगड रस्त्यावर सिग्नलला मागच्या माणसाने हॉर्न दिला आणि सांगितलं, ब्रेकलाइट लागत नाही. बल्ब बदलला, दोन दिवस लागला, परत गेला. या तिन्ही गोष्टींचा एकमेकांशी संबंध असेल असं माझ्या डोक्यात आलं नाही. तिन्हींचं मूळ त्या शेडमधल्या कामात होतं, त्यातलं बरंचसं सीटखाली, आणि सीट मी उघडलीच नव्हती. नव्या फिटिंगमुळे ती काढायला पाना लागायचा, पूर्वी नुसत्या किल्लीने निघायची. एवढ्यानेच संशय यायला हवा होता.

गौरी जेवल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं वाईहून परत येत होतो. सुरूरला महामार्गाला लागलो, बोगदा ओलांडला, शिरवळ मागे टाकलं. नीरा नदीच्या पुलावर सांध्याचा एक दणका बसला. वेग पन्नास-पंचावन्न असेल. कट्कन आवाज आला आणि पाठीमागचा आधार नाहीसा झाला. टेकलेला माणूस अचानक मागे जातो तेव्हा हात हँडलला ओढतात, आणि उजव्या हातात ॲक्सिलरेटर असतो. गाडी ओढली गेली, डुलली. कशीबशी सावरून कडेला घेतली. मागून ट्रक येत होता, त्याच्या चालकाने वेळेत वेग कमी केला म्हणून हे लिहायला मी आहे.

बायको उतरली तेव्हा तिच्या मांडीतून रक्त वाहत होतं. बॅकरेस्टचा एक पाय तुटून मागे फिरला होता आणि त्याचं कापलेलं टोक तिला लागलं होतं. धरायला तिला काही नव्हतं, कारण मागच्या सीटची मूळ दांडी त्या शेडवाल्याने 'मध्ये येतेय' म्हणून काढून टाकली होती आणि मला दिलीही नव्हती. शिरवळच्या दवाखान्यात पाच टाके पडले. दोन इंच वर लागलं असतं तर काय झालं असतं, हे डॉक्टर बोलले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर मी वाचलं.

दुसऱ्या दिवशी गाडी माझ्या नेहमीच्या मेकॅनिककडे बिबवेवाडीला टेम्पोतून आणली. त्याने सीट उघडली आणि काही न बोलता मला जवळ बोलावलं.

वर दिसणारा पाइप चकचकीत होता, पण सीटखाली जाणारी पट्टी साध्या लोखंडाची, काळा रंग मारलेली. तिला चुंबक टपकन चिकटला. ती बोल्टवर नव्हती, गाडीच्या फ्रेमच्या नळीवर वेल्ड केलेली होती, आणि तेही एकाच बाजूने, दोन बोटं लांबीचा टाका. तुटलेली कड त्याने टॉर्चखाली दाखवली. अर्धी कड गंजून तपकिरी, अर्धी ताजी चमकणारी. "तपकिरी भाग आधीच तुटलेला होता, काका. पाणी जाऊन गंजलाय. तुम्ही कित्येक दिवस उरलेल्या अर्ध्यावर टेकत होतात." हे ऐकून माझे हात थंड पडले.

त्याने हिशेबही समजावला. टेकताना पाठीचा जोर ३० किलो धरला आणि तो पट्टीपासून ३० सेंटिमीटर उंचीवर पडला, तर मुळाशी पिळवटणारा जोर तेवढाच होतो जेवढा १० सेंटिमीटरवर ९० किलो टांगल्यावर होईल. प्रत्येक खड्ड्याला, प्रत्येक गिअरला. म्हणून तयार नगाचा ब्रॅकेट लांब असतो आणि फ्रेमला दोन-तीन जागी बोल्टने पकडतो.

वेल्डिंगच्या ठिणग्यांनी मागच्या दिव्याच्या वायरचं प्लास्टिक जळालं होतं. त्यावर काळी टेप गुंडाळून ठेवली होती. ब्रेकलाइट त्यामुळे जात होता. वेल्डिंग करण्याआधी बॅटरीची तार काढायची असते, फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला तर नक्कीच, कारण तिचं सगळं नियंत्रण इलेक्ट्रॉनिक असतं. ती काढली होती की नाही, देव जाणे.

मग त्याने सीटचं रेक्झिन उलगडलं. कंपनीची सीट साच्यात ओतलेल्या एका अखंड फोमची असते. माझ्या सीटमध्ये रंगीबेरंगी चुरा दाबून केलेला फोम निघाला. मूळ फोम काढून घेऊन दुसऱ्या कोणाच्या तरी सीटमध्ये घातला असणार. म्हणजे त्या माणसाने बॅकरेस्टमध्ये फसवलंच, शिवाय माझ्याच गाडीचा माल काढून घेतला. याचा राग मला पैशांपेक्षा जास्त आला.

फ्रेमचं पुढे काय करायचं म्हणून सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. वेल्डिंगचे डाग पाहून त्यांनी फ्रेमची वॉरंटी नाकारली, आणि त्यात त्यांची चूक आहे असं मी म्हणणार नाही. फ्रेम बदलायची तर चासी नंबर तिच्यावरच कोरलेला असतो, म्हणजे आरटीओची परवानगी आणि कागदपत्रांत नोंद. मेकॅनिकने शेवटी वेल्ड घासून काढला, नळीला तडा नाही ना हे बघितलं, आणि दांडी नवीन बसवली. मागे बसणाऱ्याला धरायला हाताची पकड असणं केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२३ प्रमाणे आवश्यक आहे, हेही मला तेव्हाच कळलं. कोणी ती काढायला सांगितली तर तिथेच थांबवा.

शेडवाल्याला मी स्वतः भेटलो. आधी म्हणाला, मागचं वजन जास्त झालं असेल. मग म्हणाला, कागदावर गॅरंटी लिहिली आहे का? तिसऱ्या वेळी फोन उचलला नाही, चौथ्या वेळी नंबर ब्लॉक. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, पक्कं बिल आहे का? नव्हतं. तरी यूपीआयच्या दोन नोंदी, त्या वेळचे संदेश, व्हिडिओची साठवलेली प्रत, दवाखान्याची पावती आणि मेकॅनिकने काढलेले फोटो एवढं होतं. त्यावर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही आणि वकील असलाच पाहिजे असंही नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत मात्र जावं लागतं. माझी नोटीस स्पीड पोस्टने गेली ती 'पत्ता अपुरा' म्हणून परत आली, ते पाकीट मी न उघडता फाइलला लावलं आहे. निकाल लागायचा आहे.

नाना पेठेतल्या त्या दुकानात नंतर गेलो. ब्रॅकेट आला होता. दुकानदाराने माझ्यासमोर दोन पान्यांनी अर्ध्या तासात बसवला, ग्रेडसकट पक्कं बिल दिलं आणि जाताना म्हणाला, "पाचशे किलोमीटरनंतर या, बोल्ट परत आवळून देतो." कंबर आता ठीक आहे. बायको अजून मागे बसायला तयार नाही. ती स्वारगेटहून एसटीने वाईला जाते, मी मागून गाडीवर.

पुण्यात अशा शेडमध्ये बॅकरेस्ट, सीट, कॅरिअर काहीही बसवून घेतलं असेल तर आज घरी गेल्यावर सीट काढा. पाना लागला तर तो घेऊन काढा. टॉर्च मारा. पट्टी फ्रेमला जिथे भेटते तिथे बोल्टचं डोकं दिसतंय का बघा. दिसत नसेल आणि त्या जागी ताजा काळा रंग असेल, तर तो नखाने खरवडून खाली काय आहे ते पाहा, आणि तोवर मागे कोणाला बसवू नका.